सपाट रेघ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. इतरांच्या लबाडीवर मात्र मी छान बोलतो — ऐकणारे हसतातही.

मी सुरतेत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आमच्या सरांनी क्षय ओळखणारं छोटं यंत्र केलं होतं. थुंकीतून वेगळा काढलेला डीएनए सोन्याचा मुलामा दिलेल्या चिपवर टाकायचा. त्यात क्षयाच्या जंतूचा ठरावीक तुकडा असला की विजेचा प्रवाह बदलतो आणि पडद्यावर शिखर उमटतं. नसला तर सपाट रेघ. उद्घाटनाला मंत्री येणार, मांडव पडलेला — आणि सपाट रेघ दाखवायला एक धडधाकट कामगार हवा होता. मी नवागामातल्या आमच्या शेजाऱ्याला, भिकनदादाला सुचवलं. अमळनेरकडचा, उधन्यातल्या कापड कारखान्यात लूम चालवणारा. खोकायचा, पण लूमवर कोण खोकत नाही?

आदल्या दिवशी त्याचा नमुना तपासला. शिखर आलं. चिप खराब असेल, असं म्हणालो? म्हणालो. दुसरी लावली. पुन्हा शिखर.

सरांना सांगायला हवं होतं. दादाला तर त्याआधी. पण त्याचा फोटो बॅनरवर चढला होता. मी त्याच्या नावाच्या नळीत बफर भरलं — म्हणजे जवळजवळ मिठाचं पाणी. दुसऱ्या दिवशी रेघ सपाट. टाळ्या. दादाला शाल, नारळ. मिठाच्या पाण्याचा एवढा सत्कार मी पुन्हा पाहिला नाही.

समारंभ उरकला की सांगू, असं ठरवलं होतं. मग — कसं सांगणार? नोकरी गेली असती. एवढंच.

खोकला वाढला. वहिनी म्हणायच्या, दवाखान्यात चला. दादा म्हणायचा, "मंत्रीसमोर पास व्हयेल शे मी! इचार याले." आणि माझ्याकडे बोट. मी हसायचो. हो — हसायचो.

रक्त पडायला लागल्यावर त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तेव्हा फुप्फुसात फारसं काही उरलं नव्हतं. तिरडीवर वहिनींनी तीच शाल घातली.

परवा वहिनी जिन्यात भेटल्या. आता त्यांनाही क्षयाच्या गोळ्या सुरू आहेत. म्हणाल्या, "मशीन थोडंच खोटं बोली, भाऊ? त्यास्ले नंतरच व्हयनं व्हई."

मशीन खोटं बोललंच नव्हतं. मी "हो वहिनी" म्हणालो आणि वर निघून गेलो.