पाणी पाहिलं

आमच्या हॉटेलच्या तळघरात बॉयलर होता आणि तो सांभाळणाऱ्या माणसाला सगळे थंडोबा म्हणत. उभा जन्म भट्टीशेजारी काढला, पण त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, म्हणून थंडोबा. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आठवत नाही. मीच ठेवलं असावं अशी मला शंका आहे.

मी वरच्या मजल्यावर हजेरीच्या खोलीत कारकून होतो. कोण कुठल्या पाळीला येणार याचा तक्ता लिहायचा, सूचनाफलकावर टाचायचा. त्यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. हेही लिहिलं नसतं, पण परवा कुणीतरी म्हणालं, "थंडोबा म्हणजे देवमाणूस हो, सुट्टी कधी मागितलीच नाही," आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. मागितली होती. माझ्याकडेच मागितली होती.

माणूस बुटका, खांद्यावर कायम एक पंचा, आणि डावी भुवई अर्धी. ती तरुणपणी भट्टीचं दार उघडताना जळाली ती पुन्हा आलीच नाही. त्यामुळे तो नेहमी काहीतरी विचारतोय असं वाटायचं. बॉयलरला तो 'म्हातारी' म्हणायचा. "म्हातारीला आज खोकला झालाय," म्हणायचा आणि पाइपवर पान्याने टकटक करत दोष नेमका कुठे आहे ते काढायचा.

बॉयलरवर एक काचेची उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी उतरलं आणि कुणाचं लक्ष नसलं, तर बॉयलर फुटतो. म्हणून पाळी बदलताना जाणारा आणि येणारा, दोघांनी त्या काचेसमोर उभं राहायचं. जाणाऱ्याने म्हणायचं, "पाणी बघ." येणाऱ्याने वाकून बघायचं आणि म्हणायचं, "पाणी पाहिलं." मग दोघांनी वहीत सही करायची. ते दोन शब्द कानावर पडल्याशिवाय थंडोबा जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढत नसे. नियम भिंतीवर लिहिलेलाही होता: बदली आली नाही तर भट्टी विझवून, दाब उतरवून, मगच जागा सोडावी. नियमाचा हा दुसरा भाग कुणी कधी वापरला नव्हता.

झाडांची पानं पिवळी पडायला लागली की चार दिवसांची मोठी सुट्टी यायची. शाळा बंद, कचेऱ्या बंद, जो तो आपल्या माणसांत. आमचं हॉटेल मात्र त्याच दिवसांत तुडुंब. बॉयलरवर माणसं तीन. त्यांतल्या एकाला आळीपाळीने ते चार दिवस मोकळे मिळायचे, उरलेल्या दोघांनी ओढायचं. बावीस वर्षांत थंडोबाची पाळी एकदाही आली नाही.

याला कारण मी. पहिल्या वर्षी दुसऱ्या बॉयलरवाल्याला मुलगी झाली होती, तेव्हा थंडोबा आपणहून म्हणाला, "जाऊ दे त्याला. मी थांबतो. एकटा जीव, मला काय!" पुढच्या वर्षी मी आधीचा तक्ता समोर ठेवला, तारखा बदलल्या आणि तसाच उतरवला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्याने एकदा 'मला काय' म्हटलं होतं, सगळ्यांनी त्याचं 'त्याला काय' करून टाकलं. हॉटेलचे मॅनेजर, म्हणजे आमचे साहेब, म्हणायचे, त्याला काय. दुसरा बॉयलरवाला म्हणायचा, त्याला काय. पेन मात्र माझ्या हातात होतं.

त्या वर्षी भर उन्हाळ्यात तो वर आला. पंचा काढून हातात धरला होता.

"अरे, ताई येतेय."

ही त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिने त्याला वाढवलं. ती परदेशात, लेकाकडे. अकरा वर्षांत भेट नाही.

"सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी येणार, संध्याकाळी सहाच्या गाडीने पुढे जाणार. एकच दिवस. जेवायला सगळ्यांना बोलावतोय. तूही यायचंस. हा माझा अर्ज."

"दे. झालंच समज," मी म्हणालो. अर्ज टेबलावरच्या काचेखाली सरकवला, नजरेसमोर राहावा म्हणून. आणि तक्ता लिहायची वेळ आली तेव्हा गेल्या वर्षीचा कागद मी त्याच काचेवर ठेवून उतरवला. अर्ज बरोबर त्याच्या खाली होता.

त्याने फलकावर तक्ता वाचला. माझ्या दारात आला. "माझा अर्ज कुठाय?" एवढंच विचारलं. मी कागद बाजूला केला. तो काचेखाली होता तसाच होता. त्याची भुवई वर गेली, पण आवाज नाही. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "आता नाही बदलता येणार, एकाने सासुरवाडीची तिकिटं काढलीत. बाकीच्यांना मुलंबाळं आहेत हो. त्याला काय!" शेवटी असं ठरलं, की थंडोबाने सकाळची पाळी करायची आणि दुपारी दोनला तिसऱ्या, नव्या पोराने बदलीला यायचं. "काका, तुम्ही बिनधास्त राहा, दोनच्या ठोक्याला हजर!" असं तो म्हणाला. थंडोबाने जेवण अडीचवर ढकललं.

त्या दिवशी दोन वाजले. सव्वादोन झाले. मी नवे कपडे घालून हजेरीच्या खोलीत बसलो होतो, थंडोबाबरोबरच निघायचं म्हणून. अडीचला मी त्या पोराला फोन लावला. मागे हसण्याखिदळण्याचा कल्लोळ.

"अहो, साडू आलेत घरी अचानक. काकांना म्हणावं आजचा दिवस सांभाळून घ्या ना."

"त्यांची बहीण आलीय."

"बहीण काय, राहील की दोन दिवस."

मी फोन आपटला. फोन आपटायला मला जमतं हे मलाच नवीन होतं. खाली जाऊन थंडोबाला सांगितलं. त्याने हात पुसले, मला म्हणाला, "पाच मिनिटं काचेवर डोळा ठेव. पाणी या खुणेखाली गेलं तर ओरड," आणि वर गेला. त्या पाच मिनिटांत मी पापणीसुद्धा हलवली नाही.

साहेब मागच्या बागेत आपल्या गोतावळ्यासह जेवत होते. तिथे काय झालं ते मला वाढप्याने नंतर सांगितलं. साहेब घास न थांबवता म्हणाले, "उद्या बोलू. सणासुदीला कटकट नको." आणि थंडोबा ओरडला. बागेतली सगळी डोकी वळली. "बावीस वर्षं उद्याच बोलतोय आपण! तुमची जेवणं माझ्या वाफेवर शिजली. माझी बहीण ताट झाकून बसलीय. उद्या ती नसेल!"

"आवाज खाली."

"भट्टी बंद करतोय," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे."

तो जिना उतरला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. सरळ बर्नर बंद केला. एवढ्या वर्षांची घरघर थांबली आणि तळघरात माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी म्हटलं, "चल आता."

"चल कसा? काटा उतरेपर्यंत हलायचं नाही." राग उतरला नव्हता, तरी तो एकेक झडप नियमात सांगितलेल्या क्रमाने फिरवत होता. दाबाचा काटा उतरायला तासभर लागला. तोवर वर हलकल्लोळ. साहेबांचे मेव्हणे डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून बाहेर आले होते म्हणे. मला हसू आलं नाही. मी मनात म्हणालो, धुवा आता बर्फासारख्या पाण्याने.

चार वाजता काटा बसला. थंडोबाने वही उघडली. 'बदली नाही. भट्टी बंद.' खाली सही केली आणि काचेकडे बघत उभा राहिला. निघेना. सवय. मग माझ्या लक्षात आलं. मी पुढे झालो. मला तो अधिकार नव्हता.

"पाणी बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

मी वाकून बघितलं. "पाणी पाहिलं." आणि सही केली.

त्याच्या दोन खोल्यांत पंधरा माणसं बसली होती, शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्यांवर. एकानेही ताटाला हात लावलेला नव्हता. ताई दारातच उभी. ठेंगणी, पांढरेशुभ्र केस. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "गधड्या, अकरा वर्षं थांबले, आणि आज पुन्हा दोन तास थांबवलंस?" आणि मग त्याला धरलं ते सोडेचना.

जेवताना तिने सगळं खोदून विचारलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "पण हा तक्ता लिहितं कोण?"

थंडोबा घाईने म्हणाला, "वरून येतो गं."

"वरून म्हणजे आभाळातून?"

"मी लिहितो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या ताटात भात वाढला, जरा जोरातच. "आधी जेवा. रिकाम्या पोटी नाही ऐकवत मी कुणाला." जेवण झाल्यावर तिने ऐकवलं. ते मी इथे लिहीत नाही. त्यातला शब्द अन् शब्द खरा होता.

साडेपाचला ती निघाली. अकरा वर्षांनी भेटलेल्या भावंडांना सव्वा तास मिळाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लेखी खुलासा मागितला, आम्हा दोघांकडून. थंडोबाने नियमाचा कलम नंबर लिहिला, बाकी काही नाही. मी खुलासा लिहिलाच नाही. एक कोरा कागद घेतला, त्यावर पुढच्या वर्षीचा तक्ता आखला, त्याच्या नावापुढे चारही चौकटींत शाईने 'सुट्टी' लिहिलं आणि तोच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय? अजून वर्ष आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि त्यांची सही होईपर्यंत तिथून हललो नाही.