ठिकाणाचं नाव घ्यायचं नाही

लोकपरंपरेचा अभ्यास करणाऱ्या माणसाकडे किस्से साठत जातात, यात नवल नाही. गावोगाव फिरून आणलेले किस्से मी कार्डांवर उतरवते. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, दिनांक. कार्ड पेटीत गेलं की किस्सा निवतो, अभ्यासाला योग्य होतो. पण भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका वजनकाट्यावर गेल्या वर्षभरात जे साठलं, त्याची कार्डं मला अजून करता आलेली नाहीत. ‘सांगणाऱ्याचं नाव’ या ओळीपाशी हात अडतो, कारण त्यातल्या बहुतेक वेळी मी स्वतःच तिथे बसलेली होते.

म्हणून ते कार्डाविना सांगते, आपसात बोलावं तसं.

* * *

वजनकाटा प्रकाशचा. प्रकाश माझा जुना विद्यार्थी. घरची भातखाचरं गेली, त्यांवर गोदामं उभी राहिली आणि गोदामांच्या तोंडाशी ट्रक तोलायचा हा काटा. रविवारी सकाळी काट्याच्या ऑफिसात आमची बैठक जमते. प्रकाश, काल्हेरचा ट्रान्सपोर्टवाला सुदेश, पॉवरलूमचे मालक इक्बालभाई, प्रकाशचे सत्तरी ओलांडलेले काका नाना, आणि मी. कॉलेजातून निवृत्त झाले तरी मला अजून सगळे ‘बाई’च म्हणतात. खिडकीशी बाळाराम हा काटेवाला पाठमोरा बसलेला असतो. त्याचं बोलणं ठरलेलं. गाडी काट्यावर चढली की, “नाव? कुठं?” पावती फाडून दिली, गाडी उतरली, आकडा शून्यावर आला की, “उतरली. पुढची लावा.” नाना बसलेले असले की मात्र तो प्रश्न विचारत नाही, गाडीच्या कागदांसाठी नुसता हात पुढे करतो.

हरणाच्या शिकारीचा विषय सुदेशने काढला. आपल्याकडे कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण काही देशांत हरणं इतकी वाढलेली आहेत की तिथलं सरकारच परवाने देतं. बंदूक, वाटाड्या, तंबू, सगळी व्यवस्था करून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांना आउटफिटर म्हणतात. सुदेशने लॅपटॉप उघडला, सगळ्यांकडे पाहिलं आणि उत्साहाने विचारलं, “तर मग, कुठं जायचं?”

नाना उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

“काय झालं?” सुदेश गोंधळला. “आताच तर मला बोलले, मीपण येतो.”

“येतील ते,” प्रकाश म्हणाला. “तू ‘कुठं’ बोलू नको फक्त.”

इक्बालभाईंनी चहाचा घोट घेतला. “वा सुदेश. जगह तय करनी है, और पूछना मना है.”

* * *

घरातून निघणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये, हा संकेत महाराष्ट्रभर आहे. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, त्याचाच हा भाऊ. शिकारी मंडळींत तो अधिक कडक असे. पारधीला निघताना ठिकाणाचं नाव घ्यायचं नाही. म्होरक्या फक्त त्या दिशेला तोंड करून उभा राही. माझ्या मते यामागची कल्पना सावजाला बातमी लागण्याची नसावी. बातमी ठिकाणाला लागते. नाव घेतलं की ठिकाण वाट पाहू लागतं.

हे मी वर्गात अनेकदा शिकवलं होतं. नानांबरोबर गणेशपुरीला जाईपर्यंत ते मला फक्त शिकवण्यापुरतंच माहीत होतं.

नाना दर महिन्याला तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर जातात. एकदा मीही निघाले. एसटीत गर्दी बेताची. नाना माझ्यापुढच्या सीटवर बसले, पण खिडकीची जागा रिकामी सोडून, कडेला. कंडक्टर आला.

“कुठं, आजोबा?”

नानांनी समोर बोट केलं.

“पुढं म्हणजे कुठं?”

“गाडी थांबंल तिथवर.”

कंडक्टर हसला आणि माझ्याकडे वळला. “बाई, तीन ना?”

“दोन,” मी म्हणाले.

त्याने नानांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. “मग आजोबांना चढताना हात कोणी दिला?”

मी मागच्या दाराने चढले असते तर पाहिलं नाही असं म्हणता आलं असतं. पण मी नानांच्या पाठोपाठच चढले होते. आणि नानांनी हात वर केलेला मला आठवत होता. मला वाटलं होतं, दांडी धरायला.

* * *

त्या दिवशी कुंडावरून परतताना नाना आपणहून बोलले. माझ्याजवळ रेकॉर्डर होता. तो मी सुरू केला नाही.

नानांना एक थोरला भाऊ होता, धर्मा. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीची गोष्ट. गावातले दहाबारा जण भेकराच्या मागावर निघाले, त्यांत धर्मा हाकाऱ्याला होता. हाकारा म्हणजे आरडाओरडा करून जनावर बाहेर काढायचं काम. नाना तेव्हा नऊ वर्षांचे. दारात त्यांनी भावाचा हात धरला आणि विचारलं, “दादा, कुठं?”

“सगली गप झाली,” नाना म्हणाले. “बाबानं माझ्या मुस्काटात मारायला हात उचलला. दादा मध्ये आला. खाली वाकला नि माझ्या कानात नाव सांगून टाकलं. मला वाईट वाटू नये म्हनून. वर बोलला, पुढच्या वर्षी तुला नेतो.”

“मग?”

“भेकर मिळालं. वाटे झाले. दादाचा वाटा घरी आला, दादा आला न्हाय.”

आठवडाभर रान धुंडाळलं. काही सापडलं नाही, विळा नाही की चप्पल नाही. त्यानंतर नानांनी कोणाला ‘कुठं’ विचारलं नाही आणि कोणाला सांगितलं नाही. लग्न ठरलं तेव्हा सासुरवाडीचं गावसुद्धा त्यांनी तोंडाने उच्चारलं नव्हतं.

“नाना, तुमच्या छातीचं दुखणं आहे. डॉक्टर नको म्हणतात, घरचे नको म्हणतात. मग ही सहल कशाला?”

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही विसरले होते.

“त्यानं न्यायचं कबूल केलेलं, बाई. तो हितं वाट बघतोय, मी हितं वाट बघतोय. कोनीतरी निघायला लागंल ना?”

* * *

ठिकाणाचं नाव न घेता ठिकाण ठरवायचं, म्हणून सुदेशने तीन आउटफिटरांच्या तीन फायली केल्या. लाल, हिरवी आणि निळी.

“सुदेश, ये शिकार है या साड़ी की दुकान?” इक्बालभाईंनी विचारलं.

लाल फाईलवाल्यांची हरणं कुंपणाच्या आत होती. शिकार मिळणारच अशी हमी. इक्बालभाई म्हणाले, “ये तो अपना गोदाम हुआ. माल अंदर है, पर्ची दिखाओ, उठाओ.” नानांनी एवढंच विचारलं, “कुंपनात हाकारा कुनाला घालायचा?” तरीही सुदेशने लाल फाईल बाद केली नाही. हिरव्या फाईलवाल्यांचा वाटाड्या अनुभवी होता आणि त्यांच्याकडे पुरेसे लोक होते. निळी फाईल म्हणजे एक साठीचा माणूस, त्याची बायको आणि त्यांच्या ओळखीचा हेलिकॉप्टर चालवणारा. हेलिकॉप्टरने डोंगरात सोडणार, ठरल्या दिवशी न्यायला येणार.

तिघांशी व्हिडिओ कॉल झाले. प्रकाश इंग्रजीत बोले, नाना बाजूला बसत. परवाने, बंदुका, थंडी, जेवण, सगळं विचारून झालं की नाना प्रकाशच्या दंडाला हात लावत. त्यांचा प्रश्न एकच होता: “मानूस हरवलं तर काय करता?”

लाल फाईलवाल्याने विम्याची माहिती दिली. हिरव्या फाईलवाल्याने उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र दाखवलं. निळ्या फाईलवाल्याने आधी चष्मा काढला. मग म्हणाला, “आम्ही थांबतो.”

प्रकाशने मराठीत सांगितलं. नानांनी पुन्हा दंडाला हात लावला. “किती दिवस, विचार.”

त्याचं उत्तर प्रकाशने जसंच्या तसं सांगितलं. “बोलतोय, माझा मुलगा गेला त्याला नऊ वर्षं झाली. अजून थांबलोय.”

निळी फाईल नानांनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि घरी जाईपर्यंत खाली ठेवली नाही.

* * *

हेलिकॉप्टरच्या शिकारीत हाकाऱ्याचं काम नसतं. पण नाना म्हणाले, शिकून घ्या. म्हणून एका रविवारी गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत शिकवणी झाली. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या अवाढव्य भिंती. प्रकाश, सुदेश आणि इक्बालभाई अंतर ठेवून उभे राहिले. नाना स्वतः ओरडले नाहीत. छातीला जपायचं होतं.

आधी प्रकाशने आवाज दिला. मग सुदेशने. इक्बालभाईंनी असा काही सूर लावला की सुदेश खाली बसून हसू लागला. “भाई, हरीण पळणार न्हाय. नमाजाला येईल.”

पत्र्यांवरून आवाज परत येत होते. मी मोजत होते, ती माझी सवय आहे. तीन आवाज गेले, तीन आले. मग जरा थांबून, लांबून, एक आणखी आला. तरुण आवाज होता.

पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये प्रतिध्वनी दुहेरी होऊ शकतो, असं मी म्हणाले. सगळ्यांनी मान डोलावली. नाना आवाज आला त्या दिशेला तोंड करून उभे होते.

तेवढ्यात पलीकडच्या गोदामाचा सिक्युरिटीवाला रजिस्टर घेऊन तरातरा आला.

“सेठ, चिल्लाना है तो चिल्लाओ. लेकिन वो जो आपका आदमी हमारे कंपाउंड के पीछे से जवाब दे रहा है, उसका गेटपास कहाँ है?”

* * *

शेवटचा किस्सा परवाच्या रविवारचा. अजून मी तो कोणाला सांगितलेला नाही.

निळ्या फाईलचा फॉर्म आला होता. हेलिकॉप्टरसाठी प्रत्येकाचं वजन हवं होतं. गोदामातल्या पार्सलच्या काट्यावर चौघांनी वजन केलं आणि सुदेशने लिहून घेतलं. प्रकाश नव्वद, इक्बालभाई ऐंशी, सुदेश सत्तर, नाना साठ. बेरीज तीनशे.

“चला, एकदा मोठ्या काट्यावरपण होऊन जाऊ दे,” प्रकाश म्हणाला. “ट्रकसारखे.” चौघे हसत वर चढले. मी खाली उभी होते, बाहेरच्या मोठ्या आकड्यांच्या पाटीसमोर.

पाटीवर आलं, तीनशे पन्नास.

“भाई, नाश्ता क्या किया?” सुदेशने विचारलं.

“कॅलिब्रेशन परवाच झालंय,” प्रकाश म्हणाला. त्याच्या आवाजात धंद्याची काळजी होती. “इक्बालभाई, तुम्ही उतरा बघू.”

दोनशे सत्तर. ऐंशी बरोबर कमी झाले. सुदेश उतरला. दोनशे. प्रकाश उतरला. एकशे दहा. काट्याच्या लांबलचक लोखंडी फळीवर आता एकटे नाना उरले. साठ किलोचे नाना, आणि पाटीवर एकशे दहा.

प्रकाशने वाकून काट्याखालच्या खड्ड्यात पाहिलं. फळीवर काही पडलंय का, कुत्रं बसलंय का, सगळं पाहिलं. मीही पाहिलं. सकाळचं स्वच्छ ऊन होतं आणि फळीवर नानांखेरीज काही नव्हतं.

“नाना, तुम्ही पण उतरा,” प्रकाश हळू म्हणाला.

नाना सावकाश उतरले. पाटीवर पन्नास राहिले.

रस्त्यावरून कंटेनर जात होते. नानांनी सुदेशच्या हातून फॉर्म घेतला, पेन घेतलं. किती माणसं, या चौकोनातल्या चारचा त्यांनी पाच केला.

“वजन लिव, पन्नास,” ते म्हणाले. “बारीकच होता तो.”

ऑफिसात बाळाराम स्क्रीनपुढे मान खाली घालून बसला होता. बाहेर काय चाललंय याची त्याला कल्पना नव्हती. त्याच्या स्क्रीनवर पन्नास दिसत होते, म्हणजे काट्यावर काहीतरी चढलेलं होतं. वर्षभर नानांसमोर सांभाळलेली जीभ नेमकी तेव्हा सुटली.

“नाव?”

प्रकाश खिडकीकडे धावला. नानांनी हात आडवा धरून त्याला थांबवलं.

“धर्मा,” नाना म्हणाले.

“कुठं?”

नानांनी त्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. मग खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, लहान मुलाच्या कानाशी वाकावं तसे. पण कुजबुजले नाहीत. निळ्या फाईलीवरचं ठिकाण त्यांनी देशासकट स्पष्ट, मोठ्याने सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. मंडळी अजून निघायची आहेत.

पाटीवरचा आकडा शून्य झाला.

नाना सरळ झाले आणि काट्याच्या कडेशी, ट्रक थांबतात त्या पांढऱ्या पट्ट्यावर, तसेच उभे राहिले.

आतून पावती फाडल्याचा आवाज आला. बाळारामने मान वर न करता ती खिडकीबाहेर धरली.

“उतरली,” तो म्हणाला. “पुढची लावा.”