वहिनींचं गोरेपण

बसल्या जागी भिंतीला डोकं टेकायचं, डोळे मिटायचे, आणि कुणी हटकलंच तर ते न उघडता म्हणायचं, "झोपले न्हाय, पापण्या जड झाल्यात नुस्त्या." शेजारच्या वहिनींचं हे वाक्य चाळीतली पोरंही नक्कल करून म्हणत. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

वहिनी वळसंगच्या. नवऱ्याबरोबर सोलापुरात येऊन गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागलेल्या. मी पुण्याला कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. सुट्टीत आलो की चाळ मला काहीबाही विचारी, आणि मला बहुधा उत्तर येत नसे.

त्या मे महिन्यात वहिनी फार उजळ दिसल्या. "शहराचं पाणी लागलं, गोरी झाली," असं बायका म्हणत. मीही तेच म्हणालो.

"व्हय?" त्या लाजल्या. "गावाकडं काळुंद्री म्हणायची समदी."

माझं ते बोलणं आठवून मला अजून खाली बघावंसं वाटतं.

आठवड्याने खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या नाईकिणीने त्यांना डुलक्या घेताना दुसऱ्यांदा पकडलं. "तिसऱ्यांदा दिसलीस तर वळसंगला जाऊन निज की. हितं जागा न्हाय."

"लई आळशी हाय का हो मी, भावजी?" वहिनींनी मला विचारलं. "रातीला झोप येत न्हाय अन् दिवसा सोडत न्हाय."

मी चाचरत म्हटलं, दवाखान्यात जाऊ.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, नाईकिणीचा दम आणि ते गोरेपणही. त्यांनी वहिनींची खालची पापणी ओढून मला दाखवली. आत लाली नव्हतीच. "गोरी कसली? अंगात रक्त नाही. हा आळस नव्हे, आजार आहे. लोहाचं औषध देतो. आणि बकऱ्याचं काळीज खायचं."

"काळीज?" वहिनी दचकल्या. "ते गड्यांचं असतंय की! आमच्यात बायका खात न्हाईत."

"मग गिरणीतली जागाही गड्यालाच देऊन टाका."

डॉक्टरांची चिठ्ठी मी नाईकिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "दोन म्हैने बघते."

त्या संध्याकाळी वहिनींनी काळीज शिजवलं. दार उघडंच होतं. नवऱ्याने ताटात पाहिलं.

"अगं, नुस्ता रस्सा? फोडी कुटं हायत?"

"फोडी औषध हाय," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्यासमोरच पहिला घास घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत मी आलो त्या सकाळी गिरणीचा भोंगा नुकताच झाला होता. रस्त्यात पुढे वहिनी दिसल्या. त्यांना गाठायला मी पावलं उचलली, पण अंतर काही कमी होईना. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत त्या फाटकाच्या आत गेल्या, आणि मी बाहेर धापा टाकत उभा राहिलो.