नखाएवढा निळा डाग

तिला सगळे आरसेवाली म्हणत, पण तिने जन्मात एक आरसा विकला नव्हता. ती विकायची हातोडे. चांदी-तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचे पोलादी हातोडे, आणि भांडं ज्यावर उपडं घालून ठोकतात ते पोलादी खुंट. लोहाराकडून माल काळाकुट्ट, ओबडधोबड यायचा. ती ग्राइंडरवर त्याला आकार द्यायची, मग एमरी पेपरने घासायची, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी बफवर, फिरत्या कापडी चाकावर, धरायची. हातोड्याच्या तोंडात गिऱ्हाइकाला स्वतःचे दात मोजता आले पाहिजेत, असा तिचा हट्ट. कारण साधं होतं. हातोड्यावर केसाएवढा ओरखडा राहिला तरी तो प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटतो.

बाई कामाची पक्की आणि तोंडाची तिखट. नाकावर माशी बसू द्यायची नाही. बाजारात कुणी ग्राइंडरवर पोलाद तापवून निळं केलं, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पोलाद निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं, लोहाराने दिलेला कडकपणा गेला. मग ते पुन्हा भट्टीत घालायचं, पुन्हा पाणी द्यायचं, आणि घासकाम पहिल्यापासून. "घासायला हात लागतो, थांबायला अक्कल लागते," असं ती चारचौघांत सुनवायची. एवढं बोलून ठेवलं नसतं, तर पुढचं तिला जरा सोपं गेलं असतं.

तिचा धाकटा भाऊ चांदीकाम करायचा. लकव्याच्या झटक्याने त्याचा उजवा हात सहा महिने लुळा पडला होता. रबरी चेंडू दाबून दाबून बोटांत जीव आला, तेव्हा ओळखीच्या सराफाने त्याला चांदीचा एक वाडगा घडवायला दिला. जमला तर नेहमीचं काम. नाही जमला तर दुकानाच्या दारात रखवालदाराची जागा रिकामी होती. सराफ माणूस वाईट नव्हता, रखवालदारीचं सांगताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं.

ठोक्यांच्या खुणा शेवटी सपाट करायला धाकट्याने ताईकडे नवा हातोडा मागितला, संध्याकाळपर्यंत. भाऊ पुन्हा कामाला बसणार म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते. त्या घाईत हातोडा ग्राइंडरवरून काढून पाण्यात बुडवायला तिला दोन क्षण उशीर झाला. तोंडाच्या कडेला नखाएवढा निळा डाग उमटला. लोहाराची भट्टी दोन दिवस बंद होती. एमरीच्या चार हातांत डाग निघाला, बफवर तोंड लखलखलं. निळेपणा गेला, पण मऊपणा कुठे जातो? हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी एवढंसं तर आहे, कडेला तर आहे, अशी मनाची समजूत घालून तिने हातोडा फडक्यात गुंडाळून दिला.

आठवड्याने धाकटा वाडगा घेऊन आला. वाडग्याच्या पोटावर नख रुतवल्यासारख्या बारीक खुणा होत्या, शेकड्यांनी. त्याने हातोडा तिच्यासमोर ठेवला. डाग होता नेमका तिथेच खळगा पडला होता.

"तुझा हातोडा बिघडवला मी, ताई," तो म्हणाला. "हात भरकटला आणि हातोडा खुंटावर बसला. हा हात आता कामाचा नाही."

हात सगळ्यांचेच भरकटतात. धड हातोड्याला त्याने एवढा खळगा पडत नाही. हे तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं. आरसेवालीने पाणी उतरलेलं पोलाद दिलं, हे बाजारात कळलं असतं तर तिने आजवर ज्यांना झाडलं होतं ते सगळे हसले असते. बस, चहा टाकते, एवढंच ती म्हणाली.

पुढचं भावजयीकडून कळत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने अवजारं पोत्यात बांधली. तिसऱ्या दिवशी जेवला नाही. ताई भेटायला गेली तर तो भिंतीकडे तोंड करून रडत होता, पोरांसमोर. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून तासभर बसली. होईल सगळं नीट, म्हणाली.

चौथ्या दिवशी तो सराफाकडे रखवालदाराच्या गणवेशाचं माप द्यायला निघाला होता. ती हातोडा आणि कानस घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. कडक पोलादावरून कानस नुसती घसरते. तिने हातोड्याच्या मधोमध फिरवली, घसरली. कडेला फिरवली, तिथे चावली, आणि फरशीवर चकचकीत कीस पडला. मग तिने निळ्या डागाचं सगळं सांगितलं, काही न लपवता.

धाकट्याने कानस घेऊन स्वतः एकदा फिरवून पाहिली. मग बराच वेळ उजव्या हाताची मूठ वळत आणि उघडत राहिला. भावजय पदराने डोळे पुसत होती. त्याने तिला पोतं आणायला सांगितलं.

"घाईत चुकतं, ताई, माझंही चुकतं," तो म्हणाला. "पण काल माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होतीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. पोत्याची गाठ सोडली, आपला जुना हातोडा काढला, वाडगा खुंटावर चढवला आणि त्या खुणांवर ठोके घालू लागला. ठोके नीट, एकाशेजारी एक पडत होते. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि ती उभीच राहिली.