जमा केलेली घुगरी

१९६२ च्या हिवाळ्यात पुसदकडच्या एका तांड्यावरच्या बाईला कोर्टाने जामीन मंजूर केला. ती सुटली नाही. जामीनदार म्हणून तांड्यावरून कोणी आलं नाही.

विहिरीवरच्या भांडणात तिने चौकीदाराच्या डोक्यात पितळी घागर घातली, असा आरोप होता. चौकीदार वाचला. मी ज्या साप्ताहिकात काम करत होते त्यात ही बातमी तीन ओळींत आली. जामिनाची आली नाही.

खटला उभा राहीपर्यंत तिला जिल्ह्यातल्याच एका लहान तुरुंगात ठेवलं होतं. रविवारी सकाळी तिथल्या बायकांच्या कोठडीत जायची मला परवानगी होती. काम एवढंच: ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहायची. बहुतेक पत्रांत म्हशीची चौकशी आधी आणि नवऱ्याची नंतर असे.

तिने दोन पोस्टकार्डं सांगितली. दोन्हींत मजकूर तोच होता, जामीन राहायला शेताचा उतारा घेऊन कोणीतरी यावं. सांगताना ती ओढणी सारखी पुढे ओढत होती. ओढणीचा एक कोपरा फाटलेला होता. तो भांडणात फाटला असं मी धरून चालले.

तिसऱ्या रविवारी उत्तर आलेलं होतं, तांड्यावरच्या मास्तरांच्या अक्षरात. मी तिला वाचून दाखवलं. तू घुगरी परत पाठवलीस, म्हणजे नवरा सोडलास, असं तांड्याने धरलं आहे. होळीनंतर त्याला दुसरी करून देणार.

"म्या नाही पाठोली," ती म्हणाली.

घुगरी म्हणजे बंजारा समाजातली लग्न झालेली बाई कानांजवळ केसांत गुंफते ती चांदीची झुंबरं. नवरा असेपर्यंत ती उतरत नाही.

मी पहाऱ्यावरच्या जमादारीणबाईंना विचारलं.

"नियम हाय, बाई. मंगळसूत्र रायते, काचेच्या बांगड्या रायते. बाकी चांदी-सोनं जमा. तिचा दीर आलता, त्याच्या हाती देऊन टाकली. इथं चोरी झाली तं कोन निस्तरन?"

"दीर तिला भेटला का?"

"भेटीचा दिवस नोयता."

"घुगरी तुम्ही काढली?"

"म्या कायले काढू? तिनंच काढली. म्या हात लावाले गेली तं अंगावर आली, वाघिनीवानी."

ती भिंतीजवळून म्हणाली, "माह्या केसाले दुसऱ्याचा हात नाही लागू देत मी. म्हनून मीच काढली."

"मंग आता बोंबलतं कायले?"

तिने ओढणी आणखी पुढे ओढली.

हे पोस्टकार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं. 'स्वतःच्या हाताने काढली' एवढंच तांड्यावर वाचलं गेलं असतं. बुधवारी मी एसटीने पुसदला गेले आणि तिथून पुढे बैलगाडीने.

नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, बाजेवर बसला होता. नवरा कुडाला टेकून उभा होता. खाकी फडक्यातलं गाठोडं खुंटीला टांगलेलं होतं. त्यावर तुरुंगाची चिठ्ठी तशीच होती. आणल्यापासून कोणी ते सोडलं नव्हतं.

"एकच सांगा, बाई," नायक म्हणाला. "कोनाच्या हातानं उतरली?"

"तिच्याच."

"झालं तं मंग," असं म्हणून नवरा निघाला.

मी त्याला थांबवून उरलेलं सांगितलं, नियम, जमादारीण, केसांना लागणारा हात. मंगळसूत्राची सूट ऐकून नायक हसला.

"म्हंजे तुमचे काळे मनी लगन, अन् आमची घुगरी नुसती चांदी! वा रे सरकार!" मग त्याने पुन्हा विचारलं, "पन हात तिचाच ना?"

"हो."

नायकाची बायको चुलीपासून उठली. कोणाला न विचारता तिने गाठोडं खुंटीवरून काढलं आणि सोडलं. खाकी फडक्याच्या आत घुगरी आणखी एका कापडात गुंडाळलेली होती. त्यावर आरसे टाचलेले होते. ओढणीचा फाडलेला कोपरा होता तो. तिने तो नवऱ्यापुढे धरला.

"वळखतं का हे? तिच्या याडीनं, मायनं, भरलेली ओढनी हाय. टाकून देनारी बाई अशी नीट गुंडायते का रे?"

"दुसरं फडकं नसन तिच्यापाशी," नवरा म्हणाला.

"अन् हे खाकी काय तुह्या बापानं देल्लं?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. नवरा खाली बघत राहिला. त्याने तुकडा हातात घेतला आणि परत दिला नाही.

थोड्या वेळाने नायकाने मला विचारलं, "उतारा कोनाचाबी चालते का?"

शनिवारी नायक जामीन राहिला. दुपारी ती सुटली. तुरुंगाच्या फाटकाबाहेर नायकाच्या बायकोने तिच्या केसांत घुगरी गुंफली. नवरा काही अंतरावर उभा होता. परतीच्या बसची तिकिटं त्याने काढली.

होळीनंतर त्याचं दुसरं लग्न झालं नाही, हे मास्तरांच्या कार्डावरून कळलं. खटल्याच्या पुढच्या तारखेला मी कोर्टात होते. ती हजर होती. घुगरी केसांत होती. चौकीदार आला नव्हता. तारीख पुढे गेली.