थरथरणारी सुई

आमच्या मोहाडीकडच्या राइस मिलवर कोंड्याचा ढीग आन् गोष्टीचा ढीग, दोन्ही उचलाले माणूस भेटत नाई. मी काट्यावर बसतो, धानाचे ट्रॅक्टर मोजतो. कंप्युटर आल्यापासूनच्या गोष्टी तं विचारूच नका.

*

मालकानं जुना सुईचा काटा काढून कंप्युटर बसवला. म्हणे, "देवाजी, ह्या हंगामात यावर जमलं तं ठीक, नाई तं तू पोते उचलाले." स्क्रीनवर आकडे भरभर पळत. माही सटकली, टेबलावर मूठ हाणली. प्रोग्राम बनवणारी वैशाली, लाखनीची पोरगी, बाजूलेच होती. म्हणे, "काका, टेबलाचं वजन नाई मोजत ते."

*

मले सुईच पाह्यजे, म्हणलं. तिनं स्क्रीनवर गोल डायल काढली, आत सुई. म्हणलं, "हे एकदम थांबते काहून? पुरानी हालेडुले, मंग थांबे." तिनं थरथर बसवली. आता कसं, काट्यावानी वाटे.

*

ते डायल तिनं एकदाच बनवली आन् जिथं पाह्यजे तिथं ठेवली. धानाच्या ओलाव्याले तेच, जनरेटरच्या डिझेललेही तेच. म्हणलं, "लय आळशी आहेस." म्हणे, "काका, तुमी रोवण्यासाठी धानाच्या रोपाचे परहे एकाच जागी टाकता का शेताच्या दर बांधीत वेगळे?"



*

पण थरथरही सगळीकडं गेली ना. डिझेलची सुई हालताना पाहून मालकानं मिस्त्री बोलावला. त्यानं दोन तास जनरेटर खोलला, च्या पेला, म्हणे, "मशीन चांगली आहे. तुमचा फोटो हालून रायला."

*

मालक भडकला, "हालणं बंद कर." वैशालीनं एका जागी काढलं, सगळीकडं बंद.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईचं धान आलं. ट्रॅक्टर काट्यावर चढला, सुई टक्कन जाऊन उभी. बाई म्हणे, "आकडा घरूनच आणला काय, देवाजी भाऊ?" धान उतरवू देईना. मांगं ट्रॅक्टरची लाइन रोडपर्यंत.

मालक म्हणे, "देवाजी, ऊठ. पोते पाह्य."

म्हणलं, "उठतो. पण पयले या पोरीले सुई हालवू द्या."

वैशालीनं त्या डायललेच टिक लावाची जागा देली. टिक केली का हालते, नाई तं नाई. डिझेलले नाई, ओलाव्याले नाई. काट्याले टिक.

ट्रॅक्टर मांगं घेतला, पुन्हा चढवला. सुई इकडं गेली, तिकडं गेली, थरथरली, थांबली. आकडा तोच.

सुमनबाईनं चष्मा पुसला, पाह्यलं. "हाव. आता विचार करून सांगतलं त्यानं. उतरवा धान."

मालकानं माही खुर्ची सरकवून देली. म्हणे, "पुढचा घे."