माझ्या लिंकवरून घेतलेली झटका मशीन

लातूरला आमच्या गल्लीत मी काय करतो हे अजून कुणाला धड कळलेलं नाही. बायको कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, ते सगळ्यांना कळतं. मी शेतीच्या वस्तू वापरून बघतो आणि व्हिडिओ करून सांगतो की ही घ्या, ही घेऊ नका. व्हिडिओखाली लिंक असते. तिच्यावरून कुणी वस्तू मागवली की मला थोडं कमिशन मिळतं. एवढं समजावून सांगितलं की समोरचा म्हणतो, म्हणजे दलालीच की. आधी मी वाद घालायचो, आता हो म्हणून मोकळा होतो.

माझा एक हट्ट मात्र होता. मुदखेडजवळ वडिलांचं शेत आहे. तिथं वस्तू एक हंगाम वापरल्याशिवाय मी तोंड उघडायचो नाही. फवारणीचा पंप गळत असेल तर गळतो म्हणून सांगायचो, कंपनीचा फोन आला तरी शब्द बदलायचो नाही. यातली गंमत अशी की 'घेऊ नका' म्हटल्यावर लोक खरंच घेत नाहीत. आभार मानतात, देव तुमचं भलं करो म्हणतात आणि निघून जातात. बायको म्हणायची, दुकान उघडून गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. तिचं काही चूक नव्हतं, पण खोड माझी, ती काही गेली नाही.

मनापासून आवडलेली एकच वस्तू, झटका मशीन. शेताभोवती तार ओढायची, मशीन सोलरवर चालते, रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, तारेला टेकली की सणसणीत झटका बसतो. जनावर मरत नाही, पण पुन्हा त्या बांधाला फिरकत नाही. वडिलांच्या भुईमुगाला ती हंगामभर लावली आणि एक शेंग उकरली गेली नाही. खात्री करायला मी स्वतः तारेला हात लावला आणि बांधावर बसकण मारली. वडील पोट धरून हसले. मग व्हिडिओत मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो, 'ही डोळे झाकून घ्या.' तो व्हिडिओ जेवढा चालला तेवढा माझा दुसरा कुठलाच चालला नाही.

थोरली बहीण हिमायतनगरजवळच्या एका गावात दिलेली आहे. तिनं माझ्या लिंकवरून मशीन घेतली आणि शेजारच्या बायांनाही घ्यायला लावली. सासरी बाईचा शब्द चालायला अर्धं आयुष्य जातं. तिचा आत्ता कुठं चालायला लागला होता. बचत गटात कुणाचं कुणाशी पटेना झालं की बाया तिच्याकडे यायच्या. मशीनबद्दल कुणी शंका काढली की ती एवढंच म्हणायची, 'माझा भाऊ खोटं बोलत न्हाई.'

हरभऱ्याचे घाटे भरले आणि तिचा फोन आला की डुकरं तार ओलांडून आत येतायत. मी इथून शहाणपणा शिकवायला लागलो. अर्थिंगच्या सळईला पाणी घाल, तारेला गवत टेकलंय का बघ, पॅनेल पुसून घे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

'ते समदं कवापासून करून राहिले मी,' ती म्हणाली. 'शेजारणींच्या मशिनीबी तशाच हायत. तू ये.'

नांदेडहून गाडी धरून गेलो. हरभरा नांगर फिरवल्यासारखा झाला होता. दाजी अंगावर घोंगडं घेऊन बांधावरच बसलेले, जागून डोळे लाल. मी तार पकडली तर हाताला नुसत्या मुंग्या आल्या. मशीन उघडली. आतली बॅटरी माझ्या मशीनच्या निम्मी, सर्किट वेगळंच, वायरी केसासारख्या बारीक. बाहेरचं नाव तेच, रंग तोच, लिंकही तीच. शेजारणींच्या मशिनी उघडल्या, त्यांतही हेच. मी स्क्रू ड्रायव्हर बांधावर फेकला.

तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की सर, हे नवीन मॉडेल आहे, अपग्रेड केलंय. मी म्हणालो, माझ्या व्हिडिओत मी जुनं दाखवलंय, लोक तो बघून हे घेतायत. ती म्हणाली, 'सर, व्हिडिओ तर तुमचा आहे.' मी फोन कापला.

बहिणीच्या अंगणात बाया जमल्या. मी दोन्ही मशिनींचे फोटो दाखवले, कंपनीनं आतून माल बदलला हे नीट समजावून सांगितलं. शेजारची म्हातारी फोटोकडे न बघता म्हणाली, 'हाव, तसंच असंल.' चहा संपवून सगळ्या उठल्या. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बहीण तेवढा वेळ कपबशा विसळत होती, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

लातूरला येऊन जुना व्हिडिओ काढून टाकला आणि नवा टाकला, ही मशीन आता घेऊ नका. तो कुणी फारसा बघितला नाही. ज्यांनी बघितला त्यांनी खाली लिहिलं, कमिशन बंद झालं वाटतं, आधी द्राक्षं गोड होती, आता आंबट झाली. जुना व्हिडिओ तर कितीतरी जणांनी आधीच उतरवून घेऊन आपापल्या चॅनलवर टाकलेला होता. चेहरा माझा, आवाज माझा, वडिलांचं शेत आणि खाली लिंक त्यांची. मी तक्रारी करत राहिलो. एक बंद झाला की दुसरा उगवायचा. मी खरं बोललो होतो आणि त्याच बोलण्यावर लोक रोज फसत होते. मला काहीही करता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. नवा व्हिडिओही काढ म्हणाली. मी म्हणालो, अगं, तोच तर खरा आहे.

'पयलाबी खरा होता म्हनलास ना? बाया मला इचारतात, तुझ्या भावाचा कोणता खरा. काय सांगू मी?'

मी तो काढला. त्यानंतर कॅमेऱ्यापुढं बसलो की वस्तू हातात घ्यायचो आणि वाक्य अर्ध्यात थांबायचं. आज चांगली आहे, उद्या आत काय असेल कोण जाणे. हळूहळू बसणंच सुटलं. बायकोनं संध्याकाळची एक बॅच जास्तीची घेतली.

भाऊबिजेला बहिणीकडे गेलो. तिनं ओवाळलं, पुरणपोळी आग्रह करकरून वाढली, आमच्यात काही बिनसलंय असं कुणाला वाटलं नसतं. जेवून शेताकडे चक्कर मारली तर कुंपणाला नवी तार आणि खांबावर वेगळ्याच रंगाची मशीन. कोणती म्हणून विचारलं. भोकरच्या दुकानदारानं दिली ती घेतली, म्हणाली. मी विचारलं, कशी चालते?

'चालती,' ती म्हणाली. मग बांधावरचं गवत उपटत म्हणाली, 'पर या खेपंला मी कुणालाच सांगितलं न्हाई.'